कॉर्नवॉलिस जिंकला होता

रविवार, १९ एप्रिल २०२६, मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलायना

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, राग आला की बोलू नका, लिहा, बीपी उतरेल. मी विचारलं, मराठीत लिहिलं तर चालेल का? म्हणाल्या, तुमच्या रागाला चालत असेल तर मला काही हरकत नाही. बाई बऱ्या आहेत. म्हणून ही वही.

तर राग. रुही जानेवारीत घरी परत आली. मॅसॅच्युसेट्समधलं मेडिकल, दुसरं वर्ष, उत्तम चाललेलं, आणि एक दिवस बाईसाहेब दोन बॅगा घेऊन दारात. ‘बाबा, I can't do this.’ तिची जागा १ जुलैपर्यंत राखून ठेवलीय. तोवर परत गेली तर गेली, नाहीतर संपलं. मंडळात मी ‘सुट्टीवर आहे’ असं सांगितलंय. काय करणार? गेल्या गणपतीच्या स्मरणिकेत तिचा अर्ध्या पानाचा फोटो मीच छापून आणला होता, खाली ‘भावी डॉक्टर’.

पाडव्याला जेवायला चार लोक होते. कुणीतरी विचारलं, रुही, पुढे काय? तिच्या आधी मीच म्हणालो, “आमची गुंतवणूक बुडाली म्हणायची!” हसत म्हणालो. लोकही हसले. रुही उठली, ताट घासून ठेवलं आणि वर गेली. तेव्हापासून माझ्याशी ‘मीठ दे’च्या पुढे बोललेली नाही. बायको, पद्मिनी, म्हणते, माफी माग. विनोदाची माफी मागतात का?

तिचा पांढरा कोट मात्र मी इस्त्री करून आमच्या कपाटात लावून ठेवलाय. तो कोट घालायचा समारंभ झाला त्या दिवशी मी तिला एक चांगलं पेन दिलं होतं. तेही अजून त्या खिशात आहे. जाईल परत. माझी मुलगी आहे.

शनिवार, २५ एप्रिल

मंडळाची मीटिंग. अमेरिकेला अडीचशे वर्षं झाली म्हणून गावातल्या लायब्ररीने सगळ्यांना बोलावलंय, प्रत्येकाने स्वातंत्र्ययुद्धावर काहीतरी सादर करायचं. आमचा अध्यक्ष प्रथमेश नागपूरचा, उत्साही पोरगा. “काकाजी, काहीतरी हटके करू यार! लेझीम तर सगळेच एक्सपेक्ट करतात.” सगळेच म्हणजे कोण, ते विचारलं नाही.

आणि कोपऱ्यातून रुही बोलली! पद्मिनीने तिला बळेच आणलं होतं. म्हणाली, इथून तासाभरावर ग्रीन्सबरोला १७८१ साली मोठी लढाई झाली, गिलफर्ड कोर्टहाउसची. अमेरिकेचा जनरल ग्रीन, इंग्रजांचा कॉर्नवॉलिस. दोघांना समोरासमोर उभं करू. स्क्रिप्ट मी लिहिते.

कॉर्नवॉलिस म्हटल्यावर मी सावरून बसलो. शाळेत चार मार्कांना यायचा, कायमधारा पद्धतीवाला. तोच हा!

“जिंकलं कोण?” मी विचारलं.

“टेक्निकली, कॉर्नवॉलिस.”

“मग तो मी.”

प्रथमेशने ग्रीनसाठी रवीचं नाव काढलं, तर रुही म्हणाली, “I'll do Greene.” दिग्दर्शन आसावरीकडे आहे. ती पुण्यात राज्यनाट्य गाजवून आलेली. म्हणाली, “इतकी वर्षं पुरुष लुगडी नेसून उभे राहिले, आता बाईने पाटलोण चढवली तर काय बिघडलं?” ठराव पास.

माझ्यासमोर उभी राहणार म्हणजे माझ्याशी बोलावं लागणार. घरी येताना मी गाडीत शीळ घालत होतो असं पद्मिनी म्हणते.

रविवार, ३ मे

पहिलं वाचन आमच्याच गॅरेजमध्ये झालं. पोरीने लिहिलंय बाकी झकास. मराठी अधूनमधून लंगडतं, ते आसावरी सरळ करतेय.

हा ग्रीन म्हणजे अजब प्राणी. लोखंडाच्या भट्टीवाल्याचा मुलगा, दमेकरी, एका पायाने लंगडणारा. युद्ध शिकला कुठे, तर पुस्तकांत. आणि करतो काय, तर मागे सरकतो. नद्यांमागून नद्या ओलांडत आख्खं नॉर्थ कॅरोलायना पार करून व्हर्जिनियात जातो. आमचा कॉर्नवॉलिस मागे. वेगाने पळता यावं म्हणून त्याने स्वतःचंच सामान जाळलं. तंबू, गाड्या, रमची पिंपंसुद्धा! हा माणूस मंडळाच्या कार्यकारिणीत एक आठवडा टिकला नसता.

सुशांत ओहारा झालाय. ओहारा म्हणजे कॉर्नवॉलिसचा दुय्यम अधिकारी. रवी तोफ आहे, म्हणजे गणपतीचा ढोल वाजवून तोफेचा आवाज काढणार आहे.

रुही माझ्याशी दोन तास बोलली. ग्रीन म्हणून बोलली, तरी बोलली. “जनरल, तुमचे सैनिक उपाशी आहेत.” मी म्हणायचं, “उपाशी असले तरी माझं ऐकतात.” वाचन संपल्यावर मी विचारलं, चहा घेतेस? ती म्हणाली, “I'm good.” आणि वर गेली.

शनिवार, १६ मे

कोट आला! इथे भाड्याने मिळणारे कोट मला दंडात बसेनात, म्हणून पुण्याला ताईला कळवलं होतं, लाल कोट पाठव, सोनेरी झालरीचा. ताईने कुणा ओळखीच्या बँडवाल्याकडून मिळवून धाडला. खांद्यावर झुंबरं, छातीवर कशिदा, आणि पाठीवर भलंमोठं ‘जय मल्हार ब्रास बँड’.

मी घालून गॅरेजमध्ये गेलो. समोरून बघून सगळे वा वा म्हणाले. मग वळलो. रुही हसायला लागली ती थांबेचना. खुर्ची धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “बाबा, लॉर्ड कॉर्नवॉलिस वरातीत चाललाय!” बाबा म्हणाली! जानेवारीनंतर मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. तेवढ्याच आनंदात म्हणालो, “अशीच हसत राहिलीस तर अ‍ॅनाटॉमीसुद्धा सोपी जाईल बघ!”

ती हसायची थांबली. पाठीवरची अक्षरं उसवायला तिने कात्री मागितली आणि एकटीच उसवत बसली. मी चांगलंच बोललो होतो. आजकालच्या मुलांना प्रोत्साहनसुद्धा देता येत नाही.

रविवार, ३१ मे

आज तालमीत वाजलं. प्रसंग असा: लढाई ऐन भरात, ग्रीनची फौज माझ्या दुप्पट. आणि ग्रीन म्हणतो, मागे फिरा. का? तर फौज शाबूत राहिली पाहिजे. मी तालीम थांबवून म्हणालो, हे पटत नाही. हातात आलेलं टाकून निघून जायचं, याला सेनापती म्हणायचं की पळपुटा?

रुहीने कागद खाली ठेवले. “बाबा, शिवाजी महाराज करतात तेव्हा तू त्याला काय म्हणतोस?”

सुशांत खोकला. आसावरीने पाच मिनिटांचा ब्रेक जाहीर केला.

मी म्हणालो, ती गोष्ट वेगळी. वेगळी कशी, ते घरी येईपर्यंत सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. रात्रीचं बीपी एकशे छप्पन्न.

रविवार, ७ जून

भूमिकेचा अभ्यास म्हणून ग्रीन्सबरोच्या रणांगणावर जाऊन आलो. रुही शनिवार-रविवार तिथे गाईड आहे. हे मला मार्चपासून माहीत आहे, पण कधी गेलो नव्हतो. ‘टाइमपास’ म्हणत होतो. पद्मिनीला बरोबर ये म्हटलं तर म्हणाली, तू एकटाच जा.

दाट झाडी, मध्ये मोकळं मैदान. तीसेक माणसं तिच्याभोवती उभी होती. मी मागे थांबलो. तिने मला पाहिलं, पण बोलणं थांबवलं नाही. सांगत होती, इथे इंग्रज आणि अमेरिकन सैनिक एकमेकांत इतके मिसळले होते की कोण कुणाचा ते कळेना. कॉर्नवॉलिसची माणसं मागे रेटली जायला लागली. तेव्हा त्याने आपल्या तोफा त्या गर्दीवर वळवायला सांगितल्या. ओहारा जखमी होऊन पडला होता, तो विनवत होता की ती आपलीच माणसं आहेत. तरी तोफ डागली. दोन्हीकडची माणसं पडली. मग म्हणाली, हे असंच घडलं का, यावर इतिहासकारांत वाद आहे. पण एवढं नक्की की संध्याकाळी मैदान कॉर्नवॉलिसचं होतं आणि त्याची पाव फौज मेलेली किंवा जखमी होती.

एका म्हाताऱ्या गोऱ्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. मला ती शांतता सहन होईना. मागून विचारलं, “But he won, right?” लोक हसले.

रुहीने माझ्याकडे पाहिलं. “Yes, sir. He won.”

सर म्हणाली. ड्युटीवर होती, म्हणावंच लागत असेल. आवाज मात्र सुरेख लागला होता, शेवटच्या माणसापर्यंत पोचत होता. तालमींचा परिणाम.

रविवार, १४ जून

आज पद्मिनीकडून कळलं. रुहीने ग्रीन्सबरोला खोली घेतलीय. रणांगणाच्या पार्कने तिला फुल टाइम घेतलंय. २८ जूनला, म्हणजे कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी, जाणार. मेडिकलला नाही म्हणून कळवून टाकलंय, तेही मे महिन्यातच. हे सगळं पद्मिनीला माहीत होतं, सुशांतला माहीत होतं, आसावरीला माहीत होतं. फक्त कॉर्नवॉलिसला माहीत नव्हतं.

“मला का नाही सांगितलं?”

“तू काय बोलशील याची भीती वाटते तिला.” पद्मिनी कणीक मळत होती, मान वर केली नाही. “आणि शैलू, ती जातेय म्हणजे फक्त ग्रीन्सबरोला जात नाहीये.”

म्हणजे काय? एक तासाचा तर रस्ता आहे. पण ते वाक्य दातात सुपारी अडकावी तसं दिवसभर अडकून बसलंय.

रुहीला मी काही बोललो नाही. तोंडाशी आलेलं सगळं इथे लिहायला बसलो होतो, तर तेही लिहवेना. नुसतंच वाईट वाटतंय. वाईट वाटल्यावर काय करायचं, ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही.

रविवार, २१ जून

आज इथला फादर्स डे. दरवर्षी हाताने काढलेलं कार्ड असायचं, ज्यात माझं पोट मुद्दाम मोठं. यंदा नव्हतं. मी काही वाट बघत नव्हतो.

तालीम मात्र फक्कड झाली. सुशांत जमिनीवर लोळत म्हणतो, “सर, ती आपलीच माणसं आहेत!” आणि मी म्हणतो, “माहीत आहे. डागा!” मग ढोल. आसावरीने टाळ्या वाजवल्या. “शैलेंद्र, काय क्रूर वाटतोस रे! अगदी असाच बोल.” रुही पाण्याची बाटली घेऊन बाहेर गेली.

चहाच्या वेळी सुशांतने पुढची गोष्ट सांगितली. त्या विजयानंतर कॉर्नवॉलिसकडे लढायला माणसंच पुरेशी उरली नाहीत. सात महिन्यांत यॉर्कटाउनला शरण गेला. शरण जायच्या दिवशी ‘तब्येत बरी नाही’ म्हणून घरात बसला आणि तलवार घेऊन ओहाराला पाठवलं. म्हणजे मी दीड महिना मिशीला ताव देत ज्याची भूमिका करतोय, तो हा. आणि एवढं सगळं घालवून त्याला गव्हर्नर जनरल करून आपल्याकडे पाठवला! प्रोजेक्ट बुडवलेल्या मॅनेजरला आणखी मोठं प्रोजेक्ट. म्हणजे आमच्या कंपनीत चालतं ते काही नवीन नाही.

हसलो खरा सगळ्यांबरोबर. पण मग रुहीने मला हे आधीच का सांगितलं नाही? मी विचारलं नाही म्हणून असेल. मी विचारलं होतं फक्त जिंकलं कोण.

शनिवार, २७ जून

झालं एकदाचं. सगळं क्रमाने लिहितो.

लायब्ररीचा हॉल भरला होता. निम्मे आपले, निम्मे इथले. आत मागच्या खोलीत नटराजाची तसबीर, उदबत्ती लावायला बंदी म्हणून नुसतं फूल. नारळ प्रथमेशने पार्किंगमध्ये फोडला. पडद्यावर इंग्रजी भाषांतर चालू होतं, रुहीनेच केलेलं. ती निळ्या कोटात, केस मागे बांधून, एका पायाने लंगडत आली, तेव्हा मी क्षणभर ओळखलं नाही. फार रुबाबदार दिसत होती.

सगळं सुरळीत चाललं होतं. माझ्या रमच्या वाक्याला हशा आला. मग तो प्रसंग. सुशांत खाली पडला. रवीने ढोलाचं टिपरू वर उचललं. “सर,” सुशांत म्हणाला, “ती आपलीच माणसं आहेत!”

ग्रीनने या वेळी प्रेक्षकांकडे बघायचं असतं. रुही माझ्याकडे बघत होती. अगदी पाडव्याला ताटावरून उठताना बघितलं होतं तशी. तेव्हा मी हसत होतो, म्हणून मला ते दिसलं नसावं. आज दिसलं.

माझं वाक्य येईना.

आसावरी विंगेतून, म्हणजे पुस्तकांच्या रॅकमागून कुजबुजली, “माहीत आहे, डागा.” मग जरा मोठ्याने, “डागा!” मग पहिल्या तीन रांगांना ऐकू जाईल असं, “शैलेंद्र, डागा!” रवी टिपरू तसंच उगारून उभा.

“राहू द्या,” मी म्हणालो.

सुशांतने पडल्या पडल्या डोळे उघडले. “सर?”

“राहू द्या. नाही डागायची.”

“अरे मग आता काय?” हे सुशांत कॉर्नवॉलिसला नव्हे, मला म्हणाला. मराठी निम्मा हॉल हशाने फुटला. इथले लोक पडद्याकडे बघत होते, तिथे अजून ‘Fire!’ लिहिलेलं होतं.

मग रुही दोन पावलं पुढे आली. लंगडणं विसरली होती. हे काही स्क्रिप्टमध्ये नव्हतं. म्हणाली, “जनरल, मैदान तुमचं. मी तशीही निघालेच होते.” थांबली. “पण मी पळून जात नाहीये.”

माझं अर्धं वाक्य शिल्लक होतं, ते वापरलं.

“माहीत आहे.”

तिने टोपी काढून मला सलाम केला. मीही केला. प्रथमेशला काही सुचेना, त्याने दिवे घालवले. टाळ्या पडल्या, चांगल्याच पडल्या.

प्रश्नोत्तरांत एक गोरे आजोबा उभे राहिले, म्हणाले, क्षमा करा, पण असं घडलं नव्हतं. मला वाटलं तेच ते टोपीवाले, पण नक्की सांगता येत नाही. रुही म्हणाली, “No, sir. But he could have.” आजोबा मान हलवत खाली बसले.

नंतर चहा-बटाटेवडे. सगळे विचारत होते, काय झालं? मी सांगितलं, वाक्य विसरलो. वयाचा परिणाम. ते बरोबरच आहे, विसरलोच असणार.

तेवढ्यात मंडळातली मोना म्हणाली, “रुही मस्तच काम करते हं! मग, परत कधी जातेय मेडिकलला?”

ही ‘सुट्टी’ मीच पसरवलेली. म्हटलं, “नाही जात. ग्रीन्सबरोला जातेय, रणांगणावर नोकरी लागलीय तिला. उद्या निघायचं. मी सोडायला चाललोय.”

पद्मिनी कपात चहा ओतत होती, तो बशीत गेला. मला सोडायला ये असं कुणीच म्हटलं नव्हतं. रुही मागेच उभी होती, हातात वड्याची प्लेट.

“आठ वाजता, बाबा,” ती म्हणाली. “And we're taking your car. माझ्या गाडीत mattress मावत नाही.”

रविवार, २८ जून

गादी गाडीच्या टपावर बांधली. मी बांधलेली गाठ महामार्गावर सुटायला लागली तेव्हा थांबून रुहीने पुन्हा बांधली. खोली लहान आहे, पण उजेड भरपूर. खिडकीतून रणांगण दिसत नाही, समोर टायरचं दुकान दिसतं.

सामान लावून झाल्यावर आम्ही दोघं पायरीवर बसून सँडविच खाल्लं. मी म्हणालो, “पाडव्याला मी ते...” आणि पुढे जमेना.

“I know, बाबा.”

“नाही, मला म्हणू दे. चुकलं माझं. फार चुकलं.”

ती माझ्या खांद्याला टेकून बसली. बराच वेळ. टायरवाला आमच्याकडे बघत होता. बघू दे.

येताना एकटा होतो, वाटेत दोनदा चष्मा पुसावा लागला. पण छातीवरचं ओझं उतरलं होतं, हे खरं. घरी आल्यावर पद्मिनीने विचारलं, कसं झालं? म्हटलं, गाठ नीट बांधता येते तिला.

बुधवार, १ जुलै

आज ती तारीख, मेडिकलच्या जागेची. सकाळपासून उगीच घड्याळाकडे बघत होतो. काहीच झालं नाही. ऑफिसात तीन मीटिंगा झाल्या, दुपारी पाऊस पडला.

संध्याकाळी लाल कोट मंडळात जमा करायचा होता. मंडळाचे नाटकाचे कपडे प्रथमेशच्या गॅरेजमध्ये एका मोठ्या खोक्यात असतात. कपाट उघडलं तर लाल कोटाशेजारी पांढरा. तसाच, इस्त्री केलेला. रुहीला फोन लावला.

“तुझा तो पांढरा कोट मंडळाच्या खोक्यात देऊ का? पुढेमागे कुठल्या नाटकात कुणी डॉक्टर झालं तर लागेल.”

मला वाटलं, झालं, पुन्हा काहीतरी बोललो. मग ती हसली. पोटातून, बँडच्या कोटाला हसली होती तशी.

“दे ना. पण खिशात तुझं पेन असेल, ते काढून घे. तू वापर.”

प्रथमेशने खोक्यात दोन्ही कोट एकावर एक ठेवले. “काकाजी, पुढच्या वर्षी काय करायचं?” म्हटलं, रुहीला विचार, लिहिणारी ती आहे.

बीपी आज घेतलं नाही. हे त्याच पेनने लिहितोय. छान चालतं.